खाली आलेला हात
वाळत्या बोंबलांचा वास आला की मला लेकीच्या एमेस्सीचा तो ऑनलाइन तास आठवतो. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद होतं. दिवाळे कोळीवाड्यातल्या आमच्या खोलीत ती मोबाइलसमोर बसून रसायनशास्त्र शिकायची आणि मी दारात मासळी विकायचे. त्या दिवशी प्रश्न विचारायला तिने स्क्रीनवर हात वर केला होता. सरांनी नाव घेतलं, तिने माइक चालू केला आणि नेमकी तेव्हाच मी गिऱ्हाइकावर ओरडले, “या भावात पापलेटाचं शेपूट पन मिलनार नाय, चल निघ!” सर म्हणाले, “लेक्चर चाललंय की मासळी बाजार?” सगळा वर्ग हसला. मी कोयता टाकून मोबाइलकडे धावले, पण लेकीने माइक बंद केला. “आये, गप. मार्क त्यांच्या हातात हायेत.” कुणाचं अर्धं वाक्यही ऐकून न घेणारी मी परत कोयत्यापाशी जाऊन बसले. तिने हात खाली केला, तो शेवटच्या तासापर्यंत पुन्हा वर गेला नाही. ॲपवर हजेरी मात्र पूर्ण लागली. आज तिची पदवी भिंतीवर आहे. परवा मी विचारलं, “तवा काय इचारनार होतीस गं?” ती म्हणाली, “आठवत नाय.” सरांचं वाक्य मात्र आम्हा दोघींना तोंडपाठ आहे, आणि त्याआधीचं माझंही.