कातळावरच्या भोयेबाई

"माला नाय येत," हे वाक्य भोयेबाई भर वर्गात, हातात खडू धरून, मुलांना खाऊ वाटावा तशा आनंदाने म्हणायच्या. मग अडलेल्या गणिताचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल काढायच्या आणि पुढचं गणित घ्यायच्या. बाई मूळच्या सूर्यमाळच्या. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या आल्या, तेव्हा तिथे गणिताचा एकच शिक्षक होता, तो म्हणजे मी. आणि अठरा वर्षांत मला एखादं गणित आलं नाही, असं कधी घडलंच नव्हतं. म्हणजे घडलं होतं, पण "हे परीक्षेला विचारत नाहीत" एवढं म्हटलं की मिटायचं.

मधल्या सुट्टीत बाई नववीच्या पाच-सहा जणांना घेऊन शाळेमागच्या कातळावर चढायच्या. फोनला रेंज मिळते ती तिथेच. गणितवाल्यांचा एक ऑनलाइन गट होता. कुणीही आपल्या नावानिशी अडलेलं गणित टाकायचं, मात्र आपण कुठपर्यंत पोचलो ते लिहिल्याशिवाय तिथे कुणी उत्तर देत नसे. त्यामुळे आधी कातळावर भरपूर वादावादी, खाडाखोड, आणि मग वहीच्या पानाचा फोटो. दुसऱ्या दिवशी कुणी सांगलीहून, कुणी नांदेडहून उत्तर धाडलेलं असे. बाई ते वर्गात मोठ्याने वाचायच्या आणि कळलं नाही तर पुन्हा विचारायच्या.

"बाई, शिक्षकाने असं चारचौघांत हात पसरणं बरं दिसतं का?" मी एकदा विचारलं. आवाज काळजीचा काढला होता. होता तो निव्वळ मत्सर.

"उन्हाळ्यात आमच्या पाड्याची हीर आटली का आमी खालच्या पाड्याला इचारतो, तुमच्यात पानी हाय का? त्यात कोन लाजतं, सर? लाजंल तो तहानेनं मरंल."

मी चहा प्यायलो आणि तासाला गेलो.

खरं दुखणं दहावीचं होतं. दहावीचं गणित ज्याच्याकडे, त्याला मोखाड्याच्या बाजारात लोक थांबून नमस्कार करतात. तो नमस्कार मला हवा असायचा, आता कबूल करायला हरकत नाही. हळूहळू माझ्या दहावीची मुलंही कातळावर दिसू लागली. एक दिवस हेडसर सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी दहावी भोयेबाईंना देऊन बघू का?" मी हसून "जरूर" म्हणालो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

जानेवारीत बाई आठवडाभर प्रशिक्षणाला जव्हारला गेल्या आणि त्यांची नववी माझ्याकडे आली. अशी संधी कोण सोडतो? मी समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय काढलं. पायाचे दोन कोन समान असतात, हे सिद्ध करायचं. "शिरोबिंदूतून पायावर अशी रेष टाका, जी लंबही आहे आणि पायाचे दोन समान भागही करते. झाले दोन त्रिकोण एकरूप, झाले कोन समान!" काम फत्ते. बाईंना जे आठवडाभर पुरलं असतं ते मी पाच मिनिटांत संपवलं, असं मला वाटलं.

बाई परतल्या, त्यांनी एका मुलीची वही वाचली आणि माझ्याकडे आल्या. "सर, ही रेष दोन्ही कामं एकटीच करते, हे आधीच कसं ठरलं? कोन सारखे हायत म्हनूनच तं ती तशी पडते ना?"

"अठरा वर्षं पडतेय," मी म्हणालो.

"मंग माला नाय कळलं. गटावर इचारू का?"

"खुशाल विचारा."

त्या गटात मी खोट्या नावाने कधीचाच शिरलो होतो, बाईंवर नजर ठेवायला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, आसपास कुणी नाही असं बघून, धापा टाकत कातळ चढलो. उत्तरांचा ढीग पडला होता. जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत गृहीत धरलंय, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. एकाने तर, "असले शिक्षक असतील तर मुलांचं कल्याणच आहे," असा शेराही मारला होता. बाईंनी आपल्याला गावभर नागवं केलं, असं वाटून मी मूळ प्रश्न शोधला. तिथे लिहिलं होतं, "मी वर्गात अशी सिद्धता शिकवते. माझं कुठे चुकतंय?" खाली त्यांचं नाव. आणि त्या शेऱ्याखालीही, "चूक कळली. आभारी आहे."

लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटला तो हेवाच. माझी चूकसुद्धा ही बाई माझ्यापेक्षा ऐटीत मिरवत होती!

दुसऱ्या दिवशी बाईंनी एवढंच विचारलं, "सर, नववीला तुमी येता का पाच मिनिटं?" मी म्हणालो, माझा दहावीचा तास आहे. त्या मान हलवून गेल्या. त्यांनी वर्गाला कोनदुभाजक घेऊन बरोबर सिद्धता शिकवली, असं मला नंतर कळलं. माझ्या रेषेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मे अखेर त्यांची बदली झाली, साखरशेतच्या बाजूला. निरोपाला मी छान भाषण केलं. दहावी माझ्याकडेच राहिली, बाजारातला नमस्कारही राहिला, आणि जूनमध्ये तीच नववी दहावी होऊन माझ्यासमोर बसली. चार दिवस शिकवलं. पाचव्या दिवशी तोंड उघडलं आणि गणिताऐवजी भलतंच बाहेर आलं. "मुलांनो, जानेवारीत मी तुम्हाला जी सिद्धता सांगितली, ती चुकीची होती. बाईंनी ती स्वतःच्या नावावर घेतली. चूक माझी होती."

मग पोशेऱ्याची एक मुलगी उठली. "आमाला म्हाईत हाय, सर. आमच्यासमोरच बाईंनी लिवलं. आमी म्हनलो, सरांचं नाव टाका. तं बाई म्हनल्या, ते सर सोता सांगतील, तवर कोनी बोलायचं नाय."

पाच महिने एक अख्खा वर्ग तोंड मिटून माझी वाट बघत होता, तोही बाईंच्या एका शब्दाखातर. माझ्या शब्दाखातर आजवर कुणी पाच मिनिटं गप्प बसलेलं नाही. तेवढा हेवा मात्र अजून गेलेला नाही.