फलकावरची दारू

विद्यापीठाच्या मानव्यविद्या केंद्राने दिवाळीनंतरच्या एका रविवारी तेरखेड्यात कार्यक्रम घेतला. फटाके बनवणाऱ्या बायकांच्या आठवणी गावासमोर ऐकायच्या आणि ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. ध्वनिमुद्रण माझ्याकडे होते. सभामंडपावरचा फलक आमच्या संचालकांनी लिहिला होता : ‘दारूकाम : बायकांचे अनुभव’. तेरखेड्यात दारू म्हणजे आधी फटाक्यात भरायची पूड. बाहेरगावाहून आलेल्या बचत गटाच्या बायकांना हे ठाऊक नव्हते. त्या दारूबंदीच्या घोषणा देतच आत आल्या.

पहिली बोलणार होती ती सुतळी बॉम्ब बांधण्यात उमर गेलेली बाई. घोषणा ऐकून ती उठली.

“दारू बंद झाली तर आमी खावं काय, बायांनो?”

“अगं मावशे, लाज धर की!” गटातली एक ओरडली.

“लाज कशाची? माझ्या आईनं दारूतच हात काळे केले. म्या बी तेच केलं.”

मंडप हसला. उशिरा उलगडा झाल्यावर बचत गटही हसला. पण कुणीतरी मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओत तिचे तेवढेच बोलणे उरले. दुसऱ्या दिवशी तो कळंबला पोहोचला. तिथल्या एका आडत्याच्या घरी तिच्या मुलीचे लग्न ठरत आले होते. मुलाच्या आईने फोन केला : “आमच्यात चहासुदिक कुणी पीत न्हाय. तुमचं ऱ्हाऊ द्या.”

बाई एसटीने धाराशिवला, केंद्रात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. दारात जायची, रस्ता बघायची, परत यायची.

“सर, तुमच्या यंत्रात समदं हाय नव्हं? मग ऐकवा त्यास्नी.”

दुपारी आम्ही कळंबला गेलो. आडतीत, पोत्यांच्या थप्पीजवळ मी पूर्ण ध्वनिमुद्रण लावले. मुलाची आई आतल्या दारापाशी उभी होती, ती मध्येच निघून गेली. मुलाच्या काकांनी शेवटपर्यंत ऐकले.

“व्हय, फटाक्याची दारू. आमाला कळलं, बाई. पर ज्यानं ज्यानं ते बघितलं, त्याच्या दारी हे यंत्र कोण नेणार?”

“म्या नेते. घरं सांगा.”

काका हसले नाहीत. विचारून कळवतो म्हणाले.

त्या आठवड्यात केंद्रातला फोन वाजला की मी आधी उचलत होतो. एकदा परीक्षा विभाग होता, एकदा चुकीचा नंबर. संचालकांनी फलकावर ‘फटाकेकाम’ असे लिहून घेतले. बाईचा फोनवर रोज एकच प्रश्न येई : “आला का निरोप?”

पुढच्या रविवारी कळंबची जीप तेरखेड्यात आली. मुलगा आणि काका नारळ-सुपारी घेऊन उतरले. मुलाची आई आली नव्हती.