देरामानची जड जीभ

मलेशियातल्या पर्लिसच्या खाचरांतली भातकापणी उरकली की देरामान सायकल बाहेर काढायचा. मागे बायको एंबून, हँडलला पितळी भांडं आणि पिशवीत लाल मुखवटा. भांड्यावर बोटांनी ताल धरून तो गावोगाव राजाराण्यांच्या गोष्टी गायचा. गोष्ट रंगात आली की मुखवटा चढवून राजाचा हुजऱ्या व्हायचा, आणि मग कुणाचीच गय नसायची. एकदा कालव्याचं पाणी स्वतःच्याच खाचरात वळवणारा मुखिया समोर बसला होता. "महाराज, आपल्या राज्यात पाणीसुद्धा माणूस बघून वळतं!" हुजऱ्या म्हणाला. मुखिया लालबुंद झाला, पण लोक इतके हसले की त्यालाही हसावं लागलं. दुसऱ्या दिवशी कालव्याची फळी उघडी होती.

तीस वर्षं असं चाललं. मग एका सकाळी त्याच्या हातून कॉफीचा पेला गळाला आणि अर्धं अंग लुळं पडलं. पाय कसाबसा चालू लागला. तोंड मात्र वाकडं ते वाकडंच, जीभ जड. देरामाननं भांडं तांदळाच्या कणगीमागे सारलं आणि कुणी आलं की तो परसात जाऊन बसू लागला.

शेजारच्या गावची रोकिया पोरीच्या लग्नाचं सांगायला आली. "काका, माझ्या लग्नात तुम्ही गायलात. पोरीच्या लग्नात नाही म्हणू नका."

देरामाननं नुसतं तोंडाकडे बोट दाखवलं.

एंबून चुलीजवळून म्हणाली, "येतो गं आम्ही. अहो, गोष्ट मी सांगते. हुजऱ्या तेवढा तुम्ही व्हा."

"तुला येते?"

"मग? तीस वर्षं कान काय घरी ठेवून येत होते?"

लग्नाच्या दुपारी मांडव भरला. एंबूननं सुरुवात बरी केली, पण राजा दरबारात आला आणि पुढचं सगळं डोक्यातून उडालं. भांड्यावरची तिची बोटं थांबली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

तेवढ्यात मुखवट्याआडून बोबडा आवाज आला. "महाराज, बोला की! माझी अर्धीच जीभ गेलीय, तुमची तर सगळीच गेली!"

मांडव हसून लोटपोट झाला. एंबूनलाही हसू फुटलं आणि हसता हसता पुढचं आठवलं. देरामाननं मुखवटा काढून बाजूला ठेवला. "आता हा कशाला? अल्लानं कायमचाच बसवून दिलाय."

पुढे सहा हंगाम दोघं बसनं फिरले. राजा, राणी, राक्षस सगळे एंबूनचे. हुजऱ्या एकटा देरामानचा. लोक हुजऱ्याची वाट बघत, आणि त्याचा एकेक शब्द बाहेर पडेपर्यंत श्वास रोखून बसत.

सातव्या हंगामात त्याला उठवेना. बोलावणं आलं, तर एंबून जायला तयार नव्हती.

"जा. हुजऱ्या आजारी आहे म्हणावं. राजाला कसली सुट्टी?"

ती गेली, सबंध गोष्ट एकटीनं सांगितली आणि संध्याकाळी परतली. चप्पल काढते न काढते तोच आतून हाक आली, "कुठं कुठं हसले?"

ती उशाशी बसली आणि एकेक जागा सांगू लागली.