दिवसा झोपू नये

परदेशातून परिषदेला येणाऱ्या पाहुण्यांना जे जे म्हणून प्रश्न पडतात, त्या सगळ्यांची उत्तरं ताईकडे होती. परिषदा भरवणाऱ्या एका कचेरीत ती कामाला होती आणि पाहुण्यांना आधी पाठवायचं माहितीपत्रक तिच्याच हातचं असे. नळाचं पाणी प्यावं का, चार्जर इथल्या भिंतीत बसेल का, टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवावं की उतरताना, सभागृहात एसी किती गार ठेवतात, शाल आणावी का. एका विद्वानानं इस्त्री मिळेल का हे विचारायला तीन पत्रं पाठवली होती आणि व्यासपीठावर चढला तो चुरगळलेलाच.

पत्रकातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग झोपेचा होता. लांबचा विमानप्रवास झाला की शरीराचं घड्याळ मागच्याच देशात चालत राहतं. म्हणून पोहोचल्या दिवशी डोळे कितीही मिटले तरी दिवसा झोपू नये, उन्हात फिरावं, रात्री वेळेवर आडवं व्हावं. आणि हे लिहिणाऱ्या बाईच्या स्वतःच्या डोळ्याला वर्ष-दीड वर्ष धड डोळा लागला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कारण घरी अण्णा होते. वडिलांचं वय झालं, डोकं थकलं आणि त्यांच्या दिवसाची रात्र झाली. दिवसभर ते गाढ झोपत. शेजारच्या काकू सोबतीला येऊन बसायच्या आणि त्यांचं विणकाम तेवढं पुढे सरकायचं. दिवेलागण झाली की अण्णा ताजेतवाने. चपला शोधायचे, कामावर उशीर होतोय म्हणायचे, दाराची कडी काढायचे. एकदा जिन्यात पडले. रात्रीसाठी बाई ठेवून पाहिली, तर तिला बघून ते चोर चोर म्हणून ओरडले. मग ताईच त्यांच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागली. सकाळी तोंडावर पाणी मारायचं आणि कचेरी गाठायची. ती दमली होतीच, पण चिडलीही होती, आणि चिडायला समोर कोणी नव्हतं.

धाकटा भाऊ परदेशात पूल बांधत होता. "ताई, त्यांना दिवसा जागं ठेव ना, जरा फिरवून आण," असं तो फोनवर सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. त्या वर्षी पुलांवरचीच परिषद ताईच्या कचेरीनं भरवली आणि धाकटा पाहुणा म्हणून निघाला. उतरणार होता हॉटेलात.

ताईनं सरळ फोन लावला.

"हॉटेल रद्द कर. आणि दोन दिवस आधी ये."

"का गं? अण्णा बरे आहेत ना?"

"अण्णांना काय धाड भरलीय. मला झोपायचंय."

तो हसला. त्याला गंमत वाटली.

ताईला गंमत नव्हती करायची. त्याच्याकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिकडून आलेला माणूस सुरुवातीला रात्रभर टक्क जागा असतो, ही पाहुण्यांची रोजची रड. घरात अण्णांसाठी असा एक जागा माणूस मिळाला तर तिला आणखी काय हवं होतं?

धाकटा सकाळी आला. अण्णांच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि मग त्यालाच जांभया सुरू झाल्या.

"जरा बाहेर चक्कर मारून येतो, नाहीतर डोळा लागेल. तुझ्याच पत्रकात लिहिलंय, दिवसा झोपू नये."

"ते पाहुण्यांसाठी आहे," ताई म्हणाली. "तू पाहुणा आहेस का?"

तिनं स्वतः अंथरूण घातलं, पडदा ओढला आणि ती कामावर गेली.

रात्री तो अर्थातच टक्क जागा होता. "आता तुला झोप यायची नाहीच, तर अण्णांपाशी बस," ती म्हणाली. "कडीवर लक्ष ठेव. आणि चपला मागितल्या तर नाही म्हणू नकोस, चिडतात. शोधतोय म्हण." एवढं सांगून तिनं अंथरुणाला पाठ टेकली ती सकाळी काकूंनी दार ठोठावलं तेव्हाच उचलली. दुसऱ्या रात्रीही तसंच. कचेरीत साहेबांनी विचारलं, सुट्टीवर जाऊन आलात का.

मग परिषद सुरू झाली आणि धाकट्याला दिवसभर सभागृहात जागं बसावं लागलं. त्या रात्रीही तो अगदी मनापासून खुर्चीत बसला. पण पहाटेच्या आधी कडी वाजली म्हणून ताई धावली, तर अण्णा दाराशी आणि धाकटा तोंड उघडं टाकून ढाराढूर. तिनं अण्णांना परत आणलं आणि उजाडेपर्यंत त्यांच्या पायाशी बसून राहिली. भावाला उठवलं नाही.

सकाळी तो हातपाय ताणत म्हणाला, "ताई, लागली गं एकदाची झोप! तुझं पत्रक खरं निघालं. आता मी इथला झालो."

"इतक्या लवकर कशाला लागली रे?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला. "दोन रात्री झोपले मी. अजून दोन हव्या होत्या. तुला दिवसा मुद्दाम झोपवलं होतं."

धाकटा पुन्हा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "फोनवर तू वाढवून सांगतेस असं वाटायचं मला."

"कमी करून सांगत होते."

दुसऱ्या दिवशी त्याचं परतीचं विमान होतं. ताई त्या सकाळीही कामावर निघून गेली. परिषदेच्या समारोपाला त्याची खुर्ची रिकामी होती. तुमचे बंधू कुठे, असं साहेबांनी विचारल्यावर तिनं पोट बिघडल्याचं ठोकून दिलं. खरं तर तिलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी आली तर खिडकीवर चादर टांगलेली, एका खाटेवर अण्णा झोपलेले आणि खाली जमिनीवर धाकटा. काकू कुजबुजल्या, "सकाळपासून असाच पडलाय. उठवू नका म्हणालाय."

दिवे लागल्यावर तो उठला आणि तोंड धुऊन आला.

"आज मी बसतो. उद्या विमानात झोपेन. तू जा."

ताई जाऊन पडली. भिंतीपलीकडून अण्णा म्हणत होते, "अरे, उशीर होतोय!" आणि धाकटा म्हणत होता, "एक सापडली अण्णा, दुसरी शोधतोय." तिला हसू आलं. मग उद्या याच वेळी त्या खुर्चीत पुन्हा आपण असणार, हे मनात आलं आणि झोपेचं खोबरं झालं. ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. इतक्या मुश्किलीनं मिळालेली रात्र फुकट चालली होती म्हणून तिला रडू आलं, आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं उशीत तोंड खुपसलं.

सकाळी धाकटा चहाचा कप घेऊन आला. डोळे लाल झालेले, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर भारी आशा.

"लागली ना गं झोप?"

"मेल्यासारखी झोपले रे," ताई म्हणाली, आणि तिनं कप घेतला.