आगटीचं उद्घाटन

समस्त जनतेस, आणि विशेषतः हार, शाल, नारळ व लाल फीत यांचा घरात साठा बाळगणाऱ्या मंडळींस, अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की हुरड्याचे उद्घाटन होत नसते. हुरडा भाजायचा असतो, चोळायचा असतो आणि हात पोळत असतानाच तोंडात टाकायचा असतो. जालना जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला जाहीर करून सांगावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण लागते. आणि सांगताना माझे कान अजून तापतात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी शाळेतून अभ्यासरजा घेऊन मी पीएच.डी. करायला निघाले आणि मुलींच्या पदव्युत्तर वसतिगृहात राहायला आले. पहिल्या दिवशी पोरींनी मला कुणाची तरी आई समजून पाहुण्यांच्या बाकावर बसवलं, चहाही दिला. दुसऱ्या आठवड्यात त्या मला काकू म्हणायला लागल्या आणि रेक्टर मॅडमनी ‘तुम्हाला हौस दिसते’ म्हणत मनोरंजन समिती माझ्या गळ्यात घातली. समितीची अध्यक्ष मी, सचिव मी आणि सतरंज्या झटकणारी स्वयंसेविकाही मीच. हौस होतीच, खोटं कशाला बोलू? हातात माइक आला की माझी उंची दोन इंच वाढते.

पण मॅडमना प्रमुख पाहुण्यांशिवाय कार्यक्रम म्हणजे कुंकवाशिवाय लग्न वाटायचं. अंताक्षरीला प्रमुख पाहुणे. मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालासुद्धा प्रमुख पाहुणे, तेही पुरुष. एवढाल्या मिशांचे गृहस्थ आले, तासभर स्त्रीशक्तीवर बोलले आणि जाताना वाणाचा स्टीलचा डबा काखेत मारून गेले. मी माइकवरून आभार मानले. त्या दिवशीच ओरडायला हवं होतं.

यंदाच्या थंडीत हुरड्याची कल्पना माझीच. पण तिच्यात जीव ओतला तो माझ्या शेजारच्या खोलीतल्या पोरीनं. ती परतूरकडची, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याआधी तिला एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. वडिलांनी अख्ख्या गावाला पेढे वाटले होते. चार महिन्यांनी तिनं घरी न विचारता नोकरी सोडली आणि पुढं शिकायला आली. तेव्हापासून, म्हणजे दीड वर्ष, वडील तिच्याशी बोलत नव्हते. घरी गेली की समोर बसलेल्या लेकीबद्दल बायकोला विचारायचे, “तिला विचार, जेवली का.” पोर म्हणायची, “सांगा त्यायला, जेवले.”

आणि हुरड्याचं कानावर गेल्यावर हाच माणूस बायकोच्या फोनवर म्हणाला, “तिला म्हणावं, कणसं विकत नका आणू. गुळभेंडी ज्वारी दुधात आलीय. मी घेऊन येतो अन् मीच भाजून देतो.” ती पोर माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसली. मग म्हणाली, “काकू, ते माझ्याशी बोलतील का हो?”

मी म्हणाले, “इंगळापुढं बसल्यावर कोण अबोला धरतं?” फार मोठ्या बाता मारते मी.

कार्यक्रम चारचा. वडील दोनलाच टेम्पोतून उतरले. सकाळी खुडलेली कणसं ओल्या पोत्यात गुंडाळलेली, वर गोवऱ्यांचं दुसरं पोतं. मागच्या मैदानात त्यांनी स्वतः आगटीचा खड्डा खणला, गोवऱ्या रचल्या, हात झटकले आणि पाणी प्यायला गेले. परत येतात तो आगटीच्या चारी बाजूंनी कुंड्या मांडलेल्या आणि त्यांना लाल फीत बांधलेली.

“हे कशाला, बाई?” त्यांनी मला विचारलं. “गुरं येत्यात का हितं?”

“उद्घाटन आहे,” मी सांगितलं. “प्रमुख पाहुणे, साहेब येणारेत. त्यांच्या हातानं पेटवायची.”

त्यांनी फितीला बोट लावून बघितलं. मग लेक तीन हातांवर उभी असताना मला म्हणाले, “तुमच्या मैत्रिणीला सांगा, गोवरीचं इंगळ पडायला पाऊण-एक तास लागतो. अन् मला सहाची पॅसेंजर धरायचीय.”

“सांगा त्यायला, माहिती हाय मला,” पोर म्हणाली.

साडेचार वाजले. साहेब कुठल्याशा मंडळाचे कुणीसे होते, मी त्यांच्या माणसाला फोन लावला. “निघालेत.” पावणेपाचला लावला. “निघालेच आहेत.” पाचला तोच माणूस म्हणाला, “बस, निघून राह्यलेत.” साठ पोरी सतरंजीवर बसलेल्या. समोर चटणी, दही, गूळ, बोरं, सगळं मांडलेलं. कणसं पोत्यात वाळत चाललेली. त्या साठ जणींत शेत न पाहिलेली एकही नव्हती. कुणाच्या घरी दहा एकर, कुणाच्या घरी मेंढरं. मॅडम स्वतः भोकरदनकडच्या शेतकऱ्याची लेक. पेटवल्याबरोबर हुरडा होत नाही हे आम्हा सगळ्यांना चालायला लागल्यापासून ठाऊक, आणि आम्ही सगळ्या शहाण्या बायका साहेब येऊन मेणबत्तीनं गोवरी पेटवणार, मग टाळ्या वाजवणार, या बेतानं तिथं बसलो होतो. मला आजही त्या सतरंजीचा राग येतो, त्यावर बसलेल्या प्रत्येकीचा येतो आणि सगळ्यात जास्त माइक धरलेल्या बाईचा.

तरी मी मॅडमकडे गेले एकदा. “मॅडम, पेटवू द्या. पाहुण्यांना जायचंय.”

“पाहुणे अजून आले कुठंयत?”

“ते नव्हे, हे. हिचे वडील.”

“अहो, ते तर घरचेच आहेत. मंग साहेब आल्यावर काय पेटवतील?”

“दुसरी आगटी खणू साहेबांसाठी.”

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी दोन नवरदेव आणायचं सुचवलं होतं. “दोन उद्घाटनं? पत्रिकेत एकच आहे.”

आणि मी काय केलं? मी परत जाऊन बसले. शाळेत सातवीच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारी मी, मुकाट जाऊन बसले. मांडीवर पर्स, पर्समध्ये काडेपेटी, कारण दीपप्रज्वलनाची जबाबदारीही समितीकडेच होती.

सव्वापाचला वडील उठले. त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. कुणाशी भांडले नाहीत, कणसांच्या पोत्याकडे मात्र एकदा बघितलं. मला म्हणाले, “बाई, येतो मंग. पोरींना म्हणावं, भाजून खा. माझ्याच्यानं न्हाई झालं.”

ती पोर उठून माझ्यापुढं आली. हात पुढं केला. “काकू, काडेपेटी द्या.”

आता खरं सांगते. मी म्हणाले, “थांब गं, येतीलच आता साहेब.”

तिनं माझी पर्स माझ्या मांडीवरून उचलली, उघडली, काडेपेटी काढली आणि पर्स परत मांडीवर ठेवली. फितीखालून वाकून आत गेली. पण पेटवली नाही. खड्ड्याशी उकिडवी बसली आणि वडिलांकडे न बघता काडेपेटी धरलेला हात मागं केला. तो हात तसाच राहिला. साठ जणी बघत होत्या. मॅडम म्हणाल्या, “अगं, अगं.”

वडील फीत ओलांडून आत गेले. एका काडीत पेटवली त्यांनी.

“काका, गाडीचं?” कुणीतरी विचारलं.

“जाऊ द्या. धार बायको काढंल, म्हस तिच्याच हाताला हाय, म्हशीला माझी आठवण बी येत न्हाई.”

सहाच्या सुमाराला इंगळ पडलं. बापलेक शेजारी बसून कणसं खुपसत होते, ती द्यायची, ते फिरवायचे, बोलणं काही नाही. ते पोत्याच्या तुकड्यात कणीस धरून चोळायचे आणि हिरवे वाफाळते दाणे ताटात पडायचे. पोरींचे हात काळे, ओठ काळे. मी तीन कणसं खाल्ली, लाज बाजूला ठेवून खाल्ली, आणि फार छान लागली याचासुद्धा मला राग आला.

तेवढ्यात साहेब आले. गाडीचं दार वाजलं, पण एकही पोर उठली नाही. काळे हात घेऊन उठणार तरी कशी? साहेब स्वभावानं गरीब निघाले. फितीशी उभे राहून म्हणाले, “सुरू झालं वाटतं.” मॅडम हार घेऊन उठल्या. त्या माझ्या कानाशी आल्या, पण आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. “विझवा. लवकर विझवा. साहेबांच्या हस्ते परत पेटवू.”

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलल्या. पण आग लागली तर असावी म्हणून मीच भरून ठेवलेली बादली त्यांनी उचलली आणि चालू लागल्या. खड्ड्यात अजून पंचवीसेक कणसं होती. वडील उभे राहिले. एका हातात चोळलेल्या दाण्यांची मूठ, लेकीच्या ताटात टाकायला धरलेली. आधी बादलीकडे बघितलं, मग हाराकडे, मग मॅडमकडे. बोलायला त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, नेहमीसारखं. पण मधेच मान फिरवली आणि दीड वर्षांत पहिल्यांदा थेट लेकीकडे बघून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलून गेले:

“पोरी, ती नोकरी गेली तर गेली, तू जल्दी शीक अन् ह्या मॅडमच्या खुर्चीवर जाऊन बस, न्हाईतर हे लोक सगळ्यायला कच्चंच खाऊ घालतील.”