अर्ध्या दात्याचा फरक

वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक जण त्यांना वहिनी म्हणायचा. लग्न होऊन आल्या तेव्हा गाडीचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, एवढंच त्यांना कळत होतं. पण नवऱ्याचं, म्हणजे मिस्त्रींचं, वर्कशॉप घराच्या खालीच, आणि मिस्त्रींच्या फटकळ तोंडापायी हाताखाली माणूस टिकायचा नाही. मग कधी बॅटरी धरायला, कधी रॉकेलमध्ये पार्ट धुवायला, "अगं, जरा खाली ये," अशी हाक यायची. धुता धुता पार्टांची नावं कळली, नावांमागून कामं कळली. बोटं बारीक म्हणून कार्बोरेटर त्यांच्याकडे आला, तो कायमचाच. पुढे ब्रेक आले, क्लच आला. इंजिनाच्या पुढच्या झाकणाला मात्र मिस्त्री कुणाला हात लावू देत नसत. "तिथं चुकलं की इंजिन गेलं," एवढंच म्हणायचे.

मग मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण मनातला शब्द तोंडापर्यंत पोचायचा नाही. पोचला तर एखादाच, आणि तोच पुन्हा पुन्हा. गिऱ्हाईकं हळूहळू पांगली. वरच्या मजल्यावरची नणंद रोज एकदा जिना उतरून सांगायची, "वहिनी, बंद करा हे आणि जागा भाड्यानं द्या. दादाही सुटेल आणि तुम्हीही." वहिनी हो म्हणत नसत, आणि नाहीही म्हणत नसत.

अशात मिस्त्रींचे एक जुने गिऱ्हाईक, फोटोग्राफर, आपली जुनी गाडी घेऊन आले. स्टुडिओ कधीच बंद झालेला, गाडी मात्र चालू. तिचं इंजिन मिस्त्रींनी तरुणपणी स्वतः उघडून बांधलं होतं. फोटोग्राफर सवयीनं मिस्त्रींच्या खुर्चीपुढे उभे राहून बोलायला लागले, मग गडबडून वहिनींकडे वळले.

"सकाळी चालू केली की पुढून खळखळ येते. परवापासून जास्तच."

"हे काम मी कधी केलं नाहीये," वहिनी म्हणाल्या.

"मी दुसरीकडे नेणार नाही. तुम्ही करा, नाहीतर राहू दे उभी."

ते गेल्यावर वहिनींनी झाकण उघडलं. इंजिनात खालचा दांडा पिस्टन वर-खाली करतो आणि वरचा दांडा व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. दोघांना एक चेन बांधून ठेवते, सायकलच्या चेनसारखी. ती चेन सैल पडून लोंबत होती. तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरची रबरी गादी झिजून पत्र्याला लागली होती आणि दोन्ही दांड्यांवरच्या चाकांचे दाते वाकडे झाले होते. आणखी थोडे दिवस, आणि चेननं उडी मारली असती. मग उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळला असता, आणि या गाडीचे व्हॉल्व्ह आता कुठेच मिळत नव्हते.

पार्टवाल्यानं नवा सेट पाठवला. चकचकीत खोकं, आत चेन, दोन चाकं, टेन्शनर, चेनला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या रबरी पट्ट्या, सगळं काही. वहिनींनी तो टेबलावर मांडला तशी मागून ठकठक ऐकू आली. मिस्त्री खुर्ची रेटत कपाटापाशी गेले होते आणि डाव्या हातानं दार वाजवत होते.

आत वरच्या फळीवर तेलकट कागदात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. वहिनींनी ते सोडलं. त्याच गाडीचा सेट, मूळ कंपनीचा, कधीकाळी मिळाला तेव्हा मिस्त्रींनी जपून ठेवलेला. लोखंडावर गंजाचा ठिपकाही नव्हता. मिस्त्रींनी मान हलवली: हाच.

वहिनींनी पुडक्यातल्या टेन्शनरच्या गादीवर नख दाबलं. दगडासारखी टणक लागली. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. हे त्यांच्या पाठीमागे केलं असतं तर सोपं गेलं असतं, पण तसं करावंसं त्यांना वाटेना. त्यांच्या समोरच त्यांनी गादी दोन्ही अंगठ्यांनी वाकवली. बिस्किटासारखा आवाज झाला आणि रबराचा तुकडा निखळून टेबलावर पडला.

"पडून पडून वाळलंय, अहो. गाडीत बसवलं असतं तर आत तुटून चेनमध्ये गेलं असतं."

मिस्त्री त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली.

वहिनींनी पुडकं गुंडाळून बाजूला सारलं आणि नवा सेट हातात घेतला. तेवढ्यात पाठमोऱ्या खुर्चीतून शब्द आला, "चावी."

"गाडीची? कशाला?"

"चावी. चावी."

वहिनींनी खिळ्यावरची गाडीची चावी काढून त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी ती जमिनीवर भिरकावली. ती घसरत गाडीखाली गेली.

"रागवा," वहिनी वाकून चावी काढत म्हणाल्या, "पण मला काम करू द्या."

आवाज पाहिजे होता त्यापेक्षा चढला होता. जिन्यावर नणंद थबकली आणि परत वर गेली.

दुसऱ्या दिवशी नवा सेट बसला. खालच्या चाकावरची खूण जागेवर होती. वरच्या चाकावरची मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी इंजिनावरच्या खुणेसमोर येईना. चेन एक दाता पुढे घेतली तर खूण जराशी पुढे जायची, मागे घेतली तर जराशी मागे. बरोबर मध्ये बसायला अर्धा दाता लागत होता, आणि अर्धा दाता नावाची गोष्ट नसते.

त्यांनी पार्टवाल्याला फोन लावला.

"होतं थोडं पुढेमागे," तो म्हणाला. "सगळे तसंच बसवतात, वहिनी. स्टार्टर मारा, काही होत नाही."

फोन ठेवून वहिनी स्टुलावर बसल्या. स्टार्टर मारला आणि गाडी खरंच छान चालू झाली तर? आणि नाही झाली तर? फोटोग्राफर तोंडानं काही बोलणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. इथं चुकलं तर शटर खाली ओढायला नणंदेनं सांगायची गरज उरणार नव्हती.

शेवटी त्यांनी चेन एक दाता पुढे घेतली, प्लग काढले आणि स्टार्टरऐवजी लांब पाना लावून इंजिन हातानं फिरवायला घेतलं. पाना सहज फिरत होता. अर्धा फेरा झाला. आणखी थोडा. आणि टक्.

पाना अडला. चेन आवळल्यासारखा नाही. लोखंडाला लोखंड टेकल्यासारखा. वहिनींनी जोर काढून घेतला आणि पाना इंच इंच उलटा फिरवून इंजिन मोकळं केलं. हाताचा जोर, म्हणून व्हॉल्व्ह पिस्टनला नुसता टेकला होता. स्टार्टरनं वाकला असता.

"चावी," मागून मिस्त्री म्हणाले. या वेळी हळू.

वहिनी वळल्या. मिस्त्री डाव्या हाताची करंगळी अंगठ्याच्या पेरावर घासत होते, आडवी, खाचेत काहीतरी सरकवावं तशी. मग त्यांनी टेबलावरच्या पुडक्याकडे बोट दाखवलं.

वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाक दांड्यावर घसरू नये म्हणून मध्ये लोखंडाचा नखाएवढा तुकडा बसवतात. चाकाच्या भोकाला त्याच्यासाठी खाच असते. त्या तुकड्यालाही चावीच म्हणतात.

"अहो, त्या चावीची खाच? चाकातली?"

मिस्त्रींनी डोळे घट्ट मिटले आणि उघडले.

वहिनींनी नवं वरचं चाक उतरवलं, पुडक्यातल्या चाकावर ठेवलं आणि खाचेला खाच लावली. कडेला दात्यावर दाता यायला हवा होता. आला नाही. नव्याचा दाता जुन्याच्या दोन दात्यांच्या बरोबर मध्ये आला. नव्या चाकाची खाचच चुकीच्या जागी कापली होती.

"हे तुम्हाला काल नुसतं बघून कळलं?"

मिस्त्रींनी खांदा उडवला. कळलं होतं की फक्त संशय आला होता, ते त्यांना सांगता येईना, आणि वहिनींनीही खोदून विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांचं ठरलं. चाकं आणि चेन पुडक्यातली, कारण लोखंड वाळत नाही. टेन्शनर आणि पट्ट्या खोक्यातल्या, कारण रबर वाळतं. नव्याची गादी बोटानं दाबून पाहिली; मऊ आणि चिवट होती. जुन्या आणि नव्याची मापं वहिनींनी एकाला एक लावून पाहिली, मग ते पार्ट मिस्त्रींच्या मांडीवर ठेवले. त्यांनी डाव्या हातानं चाचपून एक एक परत दिला. या वेळी खुणा समोरासमोर आल्या. पाना दोन पूर्ण फेरे फिरला, कुठे अडला नाही, आणि खुणा पुन्हा तिथेच येऊन थांबल्या.

सकाळी फोटोग्राफर आले. नणंदही खाली आली आणि दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. वहिनींनी चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं आणि पुढून खळखळाट उठला, आधीपेक्षाही मोठा. फोटोग्राफरांचा चेहरा उतरला. वहिनींचा हात चावीवर गेला, गाडी बंद करायला. मिस्त्रींनी डावा तळवा वर केला: थांब.

वहिनी थांबल्या. नव्या टेन्शनरमध्ये तेल चढायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि तो खळखळाट ऐकत बसणं वेगळं. मग आवाज कमी होत गेला, एकदा अडखळला आणि विरून गेला. इंजिन एका सुरात चालू राहिलं.

"गाडी जरा चढावर नेऊन बघा," वहिनी म्हणाल्या.

फोटोग्राफर एकटेच गेले. नणंदेनं चहा आणला, तो तसाच निवला. शेवटी गाडी वळणावर दिसली. फोटोग्राफर उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"वर चढताना गाडी माझ्याशी भांडली नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."

"मग आता चहा तरी प्या सगळ्यांनी," नणंद म्हणाली. "मी काय परत परत गरम करायचा?"

जागा भाड्यानं द्यायचं तिनं त्यानंतरही दोनदा काढलं, पण पूर्वीच्या जोरानं नाही. फोटोग्राफरांच्या ओळखीनं आणखी दोन जुन्या गाड्या आल्या. मिस्त्रींचं बोलणं फारसं सुधारलं नाही. त्यांची खुर्ची मात्र वहिनींनी दाराजवळून उचलून कामाच्या टेबलाशी आणली, पार्ट थेट हाताशी येतील अशी.

पुढच्या गाडीचे ब्रेक काढले तेव्हा वहिनींनी दोन कंपन्यांचे पार्ट त्यांच्यापुढे ठेवले. मिस्त्रींनी एकावर बोट ठेवलं. वहिनींनी दोन्ही उलटसुलट करून पाहिले, दुसरा उचलला, आणि तोच का, ते त्यांना समजावत बसल्या. मिस्त्री मान हलवत होते, नाही नाही म्हणून, आणि वहिनीही हटायला तयार नव्हत्या.