सरू मोकलने हाताने लिहिलेली तारीख

सरू मोकल पहिल्यांदा आमच्या रोह्याच्या ऑफिसात आली तेव्हा तिच्या नखांत सोनेरी रंग होता आणि काखेत शाळेची शंभरपानी वही. "पेण तालुक्याला वार्ताहर पायजे म्हणून छापलंय ना तुम्ही? मी आले," असं म्हणत ती समोरच्या खुर्चीत बसलीसुद्धा. मी बस म्हटलेलं नव्हतं.

आमचं 'बांधावरून' नावाचं चार पानांचं साप्ताहिक आहे. संपादक मी, प्रुफं तपासणारा मी, आणि कोणी भांडायला आलं तर समोर जाणाराही मीच. कॉम्प्युटरवर पानं लावायला मनाली आहे. वार्ताहर म्हणजे काय चीज असते हे मला चांगलं ठाऊक आहे. कोणाच्या तरी सत्काराच्या तीन ओळी लिहायच्या आणि खाली 'यावेळी उपस्थित होते' म्हणून गावातली झाडून सगळी नावं भरायची. गेली तीस वर्षं मी ही नावं कापतोय. तेव्हा बाईला वाटेला लावायचं मी मनात ठरवलंच होतं.

"कशाला व्हायचंय वार्ताहर?" मी विचारलं.

"भाऊ, मी जिते गावची. रोज गाडीने पेणला कामाला जाते. गाडीत लोक काय काय बोलतात! कोणाच्या खाचरात काय झालं, कोणाच्या पोरीचा कुठं नंबर लागला. आणि तुमच्या पेपरात त्यातलं कायच नसतं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी तिला ठेवून घेतलं.

सरूचं वय सत्तेचाळीस, शिक्षण दहावी, नवरा कंपनीत शिफ्टला. ती स्वतः बावीस वर्षं पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणीला आहे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. हे काम कारखान्यात सगळ्यांना देत नाहीत. हात जरा हलला की देव तिरळा होतो, आणि तिरळा देव गिऱ्हाईक घेत नाही. मोसमात ती दिवसाला साठ-सत्तर जोड्या डोळे काढते. असा हात असलेल्या बाईला बातमी शिकवायला काय अवघड, असं मला वाटलं होतं. इथेच मी फसलो.

पहिली बातमी तिने आणली ती जित्यात भातलावणीच्या वेळी सापडलेल्या अजगराची. सुरुवात होती सकाळच्या चहापासून. मग शेजारणीची हाक, मग चिखल, मग कोणाची चप्पल रुतली ते. दोन पानं झाली तरी अजगराचा पत्ता नाही. तो निघाला अगदी शेवटच्या ओळीत.

"सरूताई, अहो, अजगर आधी! चहा मग. खरं म्हणजे चहा नकोच."

"आधीच सांगितलं तर पुढं कोण वाचेल?" तिला खरंच प्रश्न पडला होता. "आमच्यात भाऊ, आधी अंगाचा रंग, मग सोवळं, मग दागिने. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे आधी काढले तर त्यांच्यावर रंगाचे शिंतोडे उडतात. आणि डोळे काढल्याबिगर मूर्ती बघते कुठं?"

मी कपाळाला हात लावला. मनाली मात्र तोंडात रुमाल धरून हसत होती. मी सरूच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चार शब्द मोठे लिहून दिले: कोण, काय, कुठे, कधी. सांगितलं, बातमीत हे पहिल्यांदा आलं पाहिजे, कारण जागा कमी पडली की मी खालून कापतो. तिने मान डोलावली. पण बावीस वर्षांची सवय एका पुठ्ठ्याने थोडीच जाते!

तरी मला कबूल केलं पाहिजे की ती आल्यापासून ऑफिसात जान आली. गुरुवारी अंक निघतो, आणि दर गुरुवारी ती अर्धी सुट्टी टाकून रोह्याला हजर. दारातूनच ओरडायची, "भाऊ, आज काय आणलंय बघा!" कोणाला काय विचारावं याला धरबंध नव्हता. तिकीट तपासणाऱ्याला तिने त्याची बदली कुठे होणार ते विचारलं, आणि त्याने सांगितलंही. अजगराच्या चार ओळी छापून आल्या तेव्हा तो अंक तिने कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवला. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच होतं वर, नाव नव्हतं, तरीही.

मग जुलैच्या मध्यावर ती धापा टाकत आली. "भाऊ, बसा. आता खरी बातमी."

पेणच्या तहसील कचेरीच्या पायरीवर तिला करिश्मा वाघमारे नावाची पोर भेटली होती. गागोद्याच्या वरच्या डोंगरातल्या एका कातकरी वाडीतली. बारावी झालेली, अलिबागला नर्सिंगला नंबर लागलेला. महिनाअखेरपर्यंत जातीचा दाखला दिला तरच प्रवेश पक्का, आणि वडिलांकडे एकही जुना कागद नाही. वाड्यांसाठी दाखल्याचं शिबिर होणार आहे एवढं तिला कळलं होतं, कधी ते नव्हतं. सरूने तिला सांगितलं, "तारीख ठरली की आमच्या पेपरात येईल. गागोद्याच्या दुकानात पेपर येतो, तिथं बघ. मी शब्द देते." पोर गेली आणि तासाभराने सरूला आत तारीख कळली: मंगळवार, बावीस जुलै, सकाळी दहा, गागोद्याची शाळा.

बातमी तिने फार सुंदर लिहिली होती. पायरीवर बसलेली ती पोर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बारावीची गुणपत्रिका. मी पहिल्या दहा ओळी वाचल्या आणि मनालीला म्हटलं, पहिल्या पानावर घे. तेवढ्यात एक श्रद्धांजलीची जाहिरात आली, फोटोसकट. जागा कमी पडली. मी सवयीने खालच्या आठ ओळी उडवल्या आणि अंक छपाईला पाठवला.

गुरुवारी दुपारी सरू आली. ताज्या अंकाचा गठ्ठा टेबलावर होता. आपली बातमी पहिल्या पानावर बघून तिने टाळ्याच पिटल्या. मग वाचायला लागली. तिचं बोट एकेका ओळीवरून खाली गेलं, शेवटाला पोचलं, पुन्हा वर आलं.

"भाऊ, तारीख कुठं हाय?"

मी अंक ओढून घेतला. तारीख नव्हती. ठिकाण नव्हतं. शिबिर होणार हे होतं, पण कधी आणि कुठे ते त्या आठ ओळींत गेलं होतं.

"सांगितलं होतं ना, महत्त्वाचं आधी लिही!" माझा आवाज चढला. चूक आपली असली की माझा आवाज जास्त चढतो.

तीही उभी राहिली. "व्हय, माझं चुकलं. मी डोळे शेवटी काढले. पण मी मूर्ती हातावेगळी करताना खालपासून वरपर्यंत बघते. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत नाय!"

खरं सांगायचं तर मला तिच्याकडे बघवेना.

"त्या पोरीला फोन कर," मी म्हटलं.

"तिच्याकडे फोन नाय. बापाचा नंबर घेतला नाय. वाडी कुठली ते पण विचारायचं राहिलं." ती वहीच्या पुठ्ठ्याकडे बघत म्हणाली, "'कुठे' माझ्याकडून राहिलं, आणि 'कधी' तुम्ही कापलं." डोंगरात पाच-सहा वाड्या, वाटा निसरड्या. एकेक वाडी शोधत फिरायचं तर मंगळवार उलटून जाईल, आणि शिबिर काही एकट्या करिश्मासाठी नव्हतं.

ती वहीची पानं उलटायला लागली. तेवढ्या वेळात मी 'पुढच्या अंकात चूकभूल देऊ' असं काहीतरी बोललो. पुढचा अंक चोवीस तारखेला, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मग सरूने पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली. आखणीचे ब्रश! हे ब्रश कोणी कारखान्यात ठेवत नाही, घरी नेतात.

"पेणचे अंक किती?"

"दोनशे."

"मनाली, शाई आण गो. लाल. आणि कागद पसर."

शिक्क्याच्या पॅडची लाल शाई होती. तिने ती बशीत ओतली, थोडं पाणी घातलं, नखावर रंग बघितला आणि जमिनीवर बसली. पहिल्या पानावर आमच्या नावाच्या वर बोटभर कोरी पट्टी असते. तिथे तिने लिहिलं, 'दाखला शिबिर. मंगळवार २२ जुलै, सकाळी १०. गागोदे शाळा.' अक्षरं अशी की छापलेलं फिकं वाटावं. मी अंक पुढे सरकवत होतो, मनाली लिहिलेले उचलून वाळत टाकत होती. टेबल भरलं, बाक भरला, मग जिन्याच्या पायऱ्या भरल्या. खालचा टपरीवाला विचारायला आला, त्यालाही कामाला लावलं. मला मजा वाटायला लागली होती, हे सांगायला लाज वाटते, पण वाटत होती.

गाडीची वेळ झाली तेव्हा पन्नास अंक राहिले होते. "गाडीत करू," सरू म्हणाली. तिने बशीतली शाई बाटलीत ओतली, मी ऑफिसला कुलूप घातलं आणि गुडघा दुखत असताना गठ्ठा घेऊन तिच्यामागे पळालो.

चालत्या गाडीत अर्थातच हात हलणार. तर ती गाडी चालू असताना ब्रश वर धरून बसायची, आणि स्टेशन आलं, गाडी थांबली की सुरू. नागोठण्याला क्रॉसिंगसाठी गाडी बराच वेळ उभी राहिली. एरवी मी रेल्वेला शिव्या घातल्या असत्या, त्या दिवशी मी हात जोडले. काय चाललंय ते कळल्यावर लोकांनी मांड्यांवर अंक धरले, एकाने वाळवायला पंख्याखाली धरला. कासूला गाडी हलली तशी एक बाई दाराशी ओरडली, "थांबव रे, अजून चार हायत!" गाडी काही थांबली नाही, पण पेण यायच्या आत, गाडी सिग्नलला अडली तेव्हा, ते चारही झाले. सगळ्या डब्याने टाळ्या वाजवल्या. सरू तर उठून उभी राहिली आणि सगळ्यांना नमस्कार करायला लागली.

शुक्रवारी अंक गागोद्याकडे गेले. शनिवार, रविवार, सोमवार काहीच कळलं नाही.

मंगळवारी दहाच्या आधी मी आणि सरू शाळेत होतो. लोक यायला लागले. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. सरू प्रत्येकाला विचारत होती, "वाघमारे का? करिश्मा कोण तुमच्यात?" अकरा वाजले. बारा वाजले. टेबलावरचा साहेब एकेक नाव पुकारत होता. सरू फाटकापाशी जाऊन उभी राहिली ती परत येईना. साडेबाराला ती जेवायला आली नाही. मला तिच्याकडे जायचा धीर होत नव्हता.

एक वाजायच्या सुमाराला ती किंचाळली. मी धावलो. रस्त्याने एक पोर पळत येत होती आणि मागून एक माणूस, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. करिश्मा आणि तिचा बाप केरू.

"पेपर मिळाला का गो?" सरूने तिचे दोन्ही हात धरले.

"पेपर नाय, मावशी. आज सकाळी आये दुकानातून सुका जवळा घेऊन आली. पुडी सोडली तर कागदावर लाल अक्षरं. हाताने लिवलेली! मला वाटलं कोणी चिठ्ठी धाडली." तिने पिशवीतून कागद काढला. चुरगळलेला, सुक्या मासळीच्या वासाचा, पण लाल ओळ जशीच्या तशी.

माझ्या अंकात दुकानदार जवळा बांधतो हे मला त्या दिवशी कळलं. एरवी मला हे मुळीच आवडलं नसतं.

केरूकडे कागद नव्हते, पण शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्याचं नाव निघालं. चार वाजता करिश्माच्या हातात दाखला आला. केरू तो उलटासुलटा करून बघत राहिला. सरू शाळेच्या पायरीवर बसली होती आणि वहीत लिहीत होती. पाच मिनिटांत तिने वही माझ्याकडे दिली. पहिली ओळ होती, 'वाडीवरच्या करिश्मा केरू वाघमारे हिला मंगळवारी गागोद्याच्या शाळेत जातीचा दाखला मिळाला. आता ती नर्सिंगला जाणार.' मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कापण्यासारखं काही नव्हतं. मी बातमीच्या वर सरूचं नाव लिहिलं आणि वही परत दिली. ती नाव बघून नुसती हसत राहिली, मग रडली, मग पुन्हा हसली.

निघताना मी करिश्माला म्हटलं, "तो अंक मला देशील का? ऑफिसात लावून ठेवतो. तुला नवा कोरा देतो."

तिने कागदाची घडी केली, दाखल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवली आणि पिशवी छातीशी धरली.

"नाय हो काका," ती म्हणाली, "ही चिठ्ठी मला आलीय."